माळ्यावरचा गोळा, देवळापुढची तोफ आणि 'आरमारातले गोलंदाज': घराण्याचा शोध कुठून सुरू करावा?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. आमच्या घराण्यात सांगत आलेत की एक पूर्वज करवीर दरबारच्या आरमारात गोलंदाज होते. वंशावळीत ते माझ्या खापरपणजोबांच्याही मागे बसतात, म्हणजे १८०० च्या आगंमागं. पुरावा म्हणून तीन गोष्टी दाखवतात:

१. माळ्यावरचा लोखंडी गोळा. दोऱ्यानं मोजलेला परीघ ३५.२ सेंमी, वजन ५ किलो २५० ग्रॅम. भोक कुठंही नाही.
२. गावच्या देवळापुढं पुरलेली ओतीव लोखंडाची तोफ. तोंड जमिनीत, बूड वर. बुडाजवळ इंग्रजी आकडे खोदलेत: २०-१-७. गावात म्हणतात हे साल-महिना आहे.
३. अर्धा फाटलेला मोडी कागद. जाणकाराकडून दोनच ठिकाणं वाचून मिळाली: 'सलास अशर मयातैन व अलफ' आणि 'गोलंदाज असामी ३'.

कोल्हापूरला समुद्र नाही, मग आरमार कुठलं? तोफेवरचे आकडे कसे वाचायचे? आणि हा माणूस कुठल्या कागदांत सापडेल? सविस्तर सांगितलंत तर उपकार होतील.

करवीर_दप्तर
पहिल्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण पुढचा सगळा शोध त्याच्यावर ठरतो.

करवीर राज्याला समुद्र होता. मालवण बंदर आणि सिंधुदुर्ग करवीरकरांकडे होते आणि आरमाराचा तळ तिथंच होता. १७६५ साली मुंबईकर इंग्रजांनी सिंधुदुर्ग जिंकून त्याला 'फोर्ट ऑगस्टस' असं नावही दिलं, पण तह करून वर्षभरात किल्ला परत केला. समुद्र कायमचा गेला तो १ ऑक्टोबर १८१२ च्या तहानं. मालवण बंदर, सिंधुदुर्ग आणि भोवतालचे पद्मगड, राजकोट, सर्जेकोट इंग्रजांकडे गेले आणि शस्त्रसज्ज जहाजं समुद्रात न सोडण्याचं कलम छत्रपतींनी मान्य केलं.

तेव्हा एकोणिसाव्या शतकातला 'आरमारी गोलंदाज' तीनपैकी एक असणार.

एक, १८१२ पूर्वी मालवणात करवीरच्या चाकरीत असलेला. याचे कागद मोडीत, करवीर दप्तरात.

दोन, १८१२ नंतर ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारात गेलेला. मुंबई मरीन, १८३० पासून इंडियन नेव्ही, १८६३ ला बरखास्त. किंवा त्या जहाजांवर शिपाई पुरवणारी 'मरीन बटालियन'. याचे कागद इंग्रजीत, मुंबईला आणि लंडनला.

तीन, जहाजावर कधीच न चढलेला, किल्ल्यावरचा गोलंदाज. पन्हाळा, सामानगड, भुदरगड इथल्या वंशपरंपरागत गडकऱ्यांत गोलंदाजही असत. १८४४ च्या गडकऱ्यांच्या उठावानंतर ही व्यवस्था मोडली, घराणी विखुरली आणि आठवणी एकमेकींत मिसळल्या.

बहुतेक घरांत तिसरा निघतो आणि सांगतात पहिला. आधी घर ठरवा, मग दप्तर उघडा.

ओतशाळा
गोळ्याबद्दल बोलतो, लोखंड हा आमचा रोजचा विषय आहे.

परीघ ३५.२ म्हणजे व्यास ११.२ सेंमी. ओतीव लोखंडाच्या भरीव गोळ्याचं वजन काढायचं सोपं सूत्र: व्यास सेंमीमध्ये घ्या, घन करा, ३.७७ नं गुणा, ग्रॅम मिळतात. ११.२ चा घन १४०५, गुणिले ३.७७ म्हणजे ५,३०० ग्रॅमच्या जवळ. तुमचं वजन ५,२५०. फरक एक टक्का, तो गंजात आणि दोऱ्याच्या मापात गेला. गोळा भरीव आहे, पोकळ नाही. मापावरून इंग्रजी १२ पौंडी, म्हणजे १२ पौंड वजनाच्या गोळ्याच्या मापाचा, बसतो.

पण भरीव लोखंडी गोळा दिसला की लगेच तोफगोळा म्हणू नका. तीन गोष्टी तपासा.

ओतताना साचा दोन अर्धुकांचा असतो, त्यामुळं गोळ्याच्या पोटाभोवती पार्टिंग लाईनची बारीक रेघ राहते. एका जागी धातू आत सोडल्याची खूण, छाटून घासलेला चपटा ठिपका, रुपयाएवढा किंवा लहान. या दोन्ही खुणा तोफगोळ्यावर सापडतात.

दुसरं, गोळाफेकीचा गोळा. ५ किलोच्या खेळाच्या गोळ्याचा व्यास १० ते १२ सेंमीच्या दरम्यान असतो, म्हणजे तुमच्याच मापात. तो लेथवर फिरवलेला असतो. तिरक्या उजेडात समांतर बारीक वळ्या दिसल्या तर तो शाळेच्या मैदानातला.

तिसरं, सिमेंट आणि खनिज दळायच्या बॉल मिलचे गोळे. ते भंगारात ढिगानं येतात. घासून घासून गुळगुळीत, कुठं कुठं चपटे झालेले, रेघ किंवा ठिपका शिल्लक नसलेले.

मालवण_जेटी
ओतशाळा यांच्या हिशोबात एक भर, आणि ही सगळ्यांनी वाचावी. वजन सूत्रापेक्षा बरंच कमी भरलं, समजा दोन-तृतीयांश, किंवा पृष्ठावर बुजलेलं गोल भोक दिसलं, तर तो पोकळ कुलपी गोळा असू शकतो. आत काळी दारू असते आणि ती शे-दीडशे वर्षांनंतरही पेटते. त्याला ड्रिल लावायचं नाही, तापवायचं नाही, ठोकायचं नाही, गाडीत घालून कुणाला दाखवायला न्यायचं नाही. आहे तिथं ठेवून पोलीस स्टेशनला कळवायचं.

पाचगावकर
तोफ आमची आणि गोळा पाव्हण्याचा निघू नये म्हणजे मिळवलं!

तोफगाडा
पाचगावकर हसत म्हणाले, पण पहिली तपासणी तीच करायची असते. आता आकडे.

२०-१-७ हे साल नाही, वजन आहे. इंग्रजी तोफेवर वजन हंड्रेडवेट, क्वार्टर, पौंड अशा तीन खणांत खोदतात. हंड्रेडवेट ११२ पौंडांचं, क्वार्टर २८ पौंडांचा. २० गुणिले ११२ म्हणजे २२४०, अधिक २८, अधिक ७. एकूण २,२७५ पौंड, म्हणजे १,०३२ किलो. खरं-खोटं ओळखायची खूण: मधला आकडा ३ च्या वर जात नाही, शेवटचा २७ च्या वर जात नाही. गेला तर ते इंग्रजी वजन नव्हे.

वजन खोदलेलं असतं, कारण नळी कोरून झाल्यावरच तोफ तोलायची. राजाची मुद्रा किंवा कंपनीचं चिन्ह मात्र उठावात ओतलेलं असतं. म्हणून उठाव कशाचा आणि खोदकाम कशाचं, हे वेगळं टिपा. राजाच्या तोफेवर मुकुटाखाली 'जी आर' किंवा 'व्ही आर'. कंपनीच्या तोफेवर बदामाच्या आकारात चार खण करून 'व्ही ई आय सी'. डच असेल तर 'व्ही ओ सी' एकात एक गुंफलेलं. स्वीडनच्या ओतशाळांतल्या तोफाही जगभर विकल्या गेल्या, त्यांच्या ट्रनिअनवर एकच अक्षर असतं: फिनस्पाँगचा 'एफ', ऑकरचा डोक्यावर टिंब असलेला 'ए'.

ट्रनिअन म्हणजे बगलेचे दोन खुंट, ज्यांवर तोफ गाड्यात टेकते. त्यांच्या चपट्या तोंडावर ओतशाळेचं नाव, तोफेचा क्रमांक आणि कधी साल असतं. तुमची तोफ तोंड खाली करून पुरलीय, नळी मोजता येणार नाही. हरकत नाही. इंग्रजी तोफेत ट्रनिअनचा व्यास नळीच्या व्यासाएवढाच ठेवायची रीत होती. व्हर्निअर लावा, गंज उडालेली जागा टाळून चार ठिकाणी मोजा, सर्वांत मोठं माप धरा. ९३ मिमी भरलं तर ६ पौंडी, १०७ तर ९, ११७ तर १२, १३४ तर १८, १४८ तर २४, १६३ तर ३२ पौंडी.

गोळा नळीपेक्षा साधारण विसाव्या हिश्श्यानं बारीक ठेवत. तुमचा ११.२ सेंमीचा गोळा ११७ मिमीच्या नळीत बसतो, त्याहून लहान नळीत नाही.

उचगाव_वेस
तोफेच्या बुडाच्या गाठीवर कडी असेल तर ती जहाजाची तोफ ना? त्या कडीतून दोर ओवून जहाजाच्या भिंतीला बांधत, म्हणजे बार झाल्यावर मागं धावायची नाही.

तोफगाडा
दोराचं बरोबर. पण कडी दिसली की जहाज, असं धरता येत नाही. टॉमस ब्लोमफील्ड १७८० मध्ये तोफखान्याचे निरीक्षक झाले. त्यांच्या नमुन्यात बुडाच्या गाठीवर ही कडी ओतूनच येते, आणि तो नमुना पुढं किल्ल्यांवरही सर्रास वापरला गेला. कडी सांगते काळ: अठराव्या शतकाचं अखेरचं दशक-दीड दशक किंवा नंतर. जागा सांगत नाही.

बिनचूक जहाजी म्हणावी ती कॅरोनेड. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कच्या कॅरन कारखान्यानं १७७९ पासून काढलेली आखूड, पातळ तोफ. तिला बहुधा ट्रनिअन नसतात, पोटाखाली भोक असलेला एक कान असतो आणि ती सरकत्या पाटावर बसते. ३२ पौंडी कॅरोनेड १७ हंड्रेडवेट, तर ३२ पौंडी लांब तोफ ५५-५६ हंड्रेडवेट. एकच गोळा, तिप्पट वजन. म्हणून वजनावरून गोळ्याचं माप सांगायला जाऊ नये.

ओतशाळा
तिप्पट का, तेही सांगतो. लांब तोफ उभी ओतत, बूड खाली आणि तोंड वर. वर जास्तीचा धातू ठेवत, आमच्या भाषेत रायझर. वजनानं खालचा धातू दाबला जाऊन घट्ट होई, मळी आणि वायू वर रायझरमध्ये येत, मग तो भाग कापून टाकत. म्हणजे जिथं दारू पेटते त्या बुडाशी लोखंड सर्वांत निरोगी. भरीव ओतून मग नळी कोरायची पद्धत अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडात रुळली. त्याआधी कोअर, म्हणजे नळीच्या जागी साच्यात उभा केलेला दांडा, घालून ओतत. कोअर हलला की नळी एका बाजूला सरके, भिंत एकीकडं पातळ होई आणि तोफ तिथंच फाटे. कॅरोनेडमध्ये दारू कमी, नळी आखूड, गोळा आणि नळी यांतली फट कमी. त्यामुळं पातळ भिंत चालून जाई, पण पल्लाही कमी.

ट्रनिअनवरची अक्षरं वाचायची कृती: ग्राइंडर, वायरब्रश, वाळू मारणं, ॲसिड यांपैकी काहीही नको. गंजाच्या थरातच अक्षर उरलेलं असतं, तो थर गेला की अक्षर गेलं. रात्री जा. बॅटरी ट्रनिअनच्या तोंडाला जवळजवळ टेकवून आडवी धरा, बारा दिशांनी बारा फोटो काढा. मग पातळ कागद चिकटपट्टीनं ताणून लावा आणि कोळशाच्या काडीनं आडवी घासा. फोटोत न दिसलेला आकडा कागदावर उठतो.

शाहूपुरी_५
खडू ओला करून अक्षरांत भरला तरी चालतं की.

ओतशाळा
चालतं, पण खडू भरणारा माणूस त्याला जे दिसतं तेच भरतो. ६ चा ८ होतो आणि पुढच्या सगळ्या फोटोंत ८ च राहतो. कोळशाचा कागद बरा.

मोडी_लिपिक
आता कागद. 'सलास अशर मयातैन व अलफ' हे शुहूर सन आहे, अरबी शब्दांत. सलास ३, अशर १०, मयातैन २००, अलफ १०००. एकूण १२१३. शुहूर सन मृगाला, म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यात बदलतो. जून ते डिसेंबरसाठी ५९९ मिळवायचे, जानेवारी ते मृगापर्यंत ६००. म्हणजे जून १८१२ ते जून १८१३.

करवीर_दप्तर यांनी दिलेली तहाची तारीख याच वर्षात पडते! त्यामुळं महिना सापडणं फार महत्त्वाचं. मोडीत चंद्रतारीख 'छ' या खुणेनं सुरू होते, पुढं आकडा आणि मुसलमानी महिना. १ ऑक्टोबर १८१२ ला रमजानचा शेवटचा आठवडा चालू होता. त्या वर्षी साबान ऑगस्टच्या १० तारखेच्या आसपास सुरू होतो, सवाल ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात, जिल्काद नोव्हेंबरात. तुमच्या कागदावर रजब किंवा साबान असेल तर मालवण अजून करवीरकडं होतं. सवाल, जिल्काद असेल तर गेलेलं.

दुसरी गोष्ट, 'गोलंदाज' या शब्दाच्या वरच्या दोन ओळी पुन्हा वाचून घ्या. तिथं नेमणुकीची जागा असते. 'निसबत आरमार' किंवा 'गुराब', 'गलबत', 'पाल' असं काही आलं तर माणूस जहाजावरचा. 'जंजिरे सिंधुदुर्ग' आलं तर किल्ल्यावरचा, जंजिरा म्हणजे पाण्यातला किल्ला. 'किल्ले पन्हाळा' आलं तर घाटावरचा. 'असामी ३' म्हणजे तीन माणसं, नावं खाली स्वतंत्र ओळींत असतात आणि प्रत्येकापुढं तैनात, म्हणजे पगार. एखाद्या कागदात गोळ्याचं माप शेरात दिलेलं दिसलं तर लगेच किलो करू नका. शेर किती तोळ्यांचा ते गावागणिक बदलतं. ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा, पण तोच धरून सगळीकडं चालत नाही.

पांढरी_शिडी
करवीर_दप्तर यांचा दुसरा रस्ता ज्यांच्या घरी लागू पडत असेल त्यांच्यासाठी लिहितो. तो धागाकर्त्याचा नसला तरी चंदगड, आजरा, भुदरगड आणि तळकोकणातल्या पुष्कळ घरांचा आहे.

मरीन बटालियन १७७७ मध्ये उभी राहिली. पुढं ती २१ वी मुंबई नेटिव्ह इन्फंट्री झाली आणि १९०३ नंतर १२१ वी पायोनिअर्स. नावं बदलत गेली म्हणून लोक चुकीच्या पलटणीत शोधत बसतात. हे शिपाई कंपनीच्या जहाजांवर तैनात असत. एडन जानेवारी १८३९, दुसरं ब्रह्मी युद्ध १८५२-५३, इराणची मोहीम १८५६-५७ या त्या काळच्या आरमारी स्वाऱ्या. डिसेंबर १८५६ मध्ये बुशहर आणि मार्च १८५७ मध्ये मोहमरा, दोन्ही ठिकाणी इंडियन नेव्हीच्या जहाजांनी मारा केला. 'असाये', 'सेमिरामिस', 'फिरोज', 'अजदहा' ही त्यांतली वाफेची जहाजं.

या जहाजांवर ८ इंची शेलगन असत. नळी २०४ मिमी, पोकळ गोळा फेकणारी. भरीव ३२ पौंडी तोफा बाजूला पडून शेलगन येण्याचा हा काळ. घरात 'आजोबा फुटणारा गोळा सोडत' अशी आठवण असेल तर ती १८१२ च्या मालवणी गुराबेपेक्षा या जहाजांना जास्त लागू पडते. पुढं १८५९ पासून आर्मस्ट्राँगच्या मागून भरायच्या तोफा ब्रिटिश आरमारात आल्या. त्यांचा बुडाचा तुकडा नीट न बसल्यास उडून येई. १८६३ ला जपानमध्ये कागोशिमाला तो त्रास उघड झाला आणि इंग्रज पुन्हा तोंडातून भरायच्या तोफांकडं वळले. पण १८६३ लाच इंडियन नेव्ही बरखास्त झाली, त्यामुळं आपल्या माणसांच्या आठवणीत तोंडातून भरायचीच तोफ असणार.

घरात पदक असेल तर त्याची कडा भिंगाखाली बघा. नाव, हुद्दा, पलटण कोरलेली सापडली तर महिन्यांचं काम मिनिटात होतं. नावांची इंग्रजी रूपं चार-पाच प्रकारांनी लिहून ठेवा. सावंतचं सावुंट, जाधवचं जादो, पवारचं पोवार. आडनाव गाळून नुसतं नाव आणि बापाचं नाव असंही लिहीत.

कुठं शोधायचं: मुंबईच्या पुरालेखागारात मरीन खात्याची बाडं, लंडनला ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या मरीन आणि मिलिटरी मालिका. राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या बघता येतं. चर्चच्या जन्म-लग्न नोंदींत वेळ घालवू नका, त्यांत आपली माणसं नाहीत.

कागलची_माहेरवाशीण
तोफ आणि कागद चाललंय ते छानच, पण मधली साखळी कुणी बोललं नाही. १८१२ चा माणूस सापडला तरी तो तुमचाच पूर्वज, हे जोडणार कसं?

आपल्या भागात हेळवी येतात. घराण्याची नावं पिढ्यान्पिढ्या त्यांच्याकडं असतात, पोथीत किंवा तोंडी. पुढच्या वेळी आले की नुसतं धान्य देऊन पाठवू नका. बसवून घ्या, फोनवर रेकॉर्ड करा, आणि भावकीतल्या दुसऱ्या घरी त्यांनी तेच सांगितलं का ते ताडून बघा. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत पूर्वज स्वतः जाऊन नावं घालून आलेले असतात. तिथं गाव आणि जात सांगितली की वही निघते. तिसरं तहसील कार्यालय. गाव नमुना १४, कडई पत्रक, सूड पत्रक अशा जुन्या गावनोंदी. कुणबी नोंदींसाठी लोकांनी हेच कागद काढलेत, भावकीत कुणाकडं तरी झेरॉक्स असणार.

मालवणकडं इनाम जमीन होती असं घरात म्हणत असतील तर आणखी एक जागा आहे. तो मुलूख इंग्रजी अमलात गेला, आणि तिथं १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनपुढं कैफियती द्याव्या लागल्या. इनाम कुणाला, कशाबद्दल, पुढं कुणाकडं आलं, सगळं लिहून द्यायचं. वंशावळीसकट.

आडनावावर विसंबू नका हो. गोलंदाज, तोफखाने, सारंग, तांडेल ही आडनावं धंदा सांगतात, पण कुठल्या पिढीचा ते सांगत नाहीत.

पाचगावकर
ताई, हेळव्यांचं लाख बोललात.

वडणगे_शिवार
आमच्याकडच्या गडावर मुलं सागवानी गाडा करून तोफ बसवायची म्हणतात. या तोफेलापण करता येईल का? दोन मोठी चाकं, एकदम रुबाबदार.

तोफगाडा
दोन मोठी चाकं मैदानी तोफेला. जहाजावर आणि किल्ल्याच्या बुरुजावर चार बुटक्या चाकांचा गाडा असे, बाजूच्या फळ्या मागं पायरी-पायरीनं उतरत गेलेल्या. बार झाला की गाडा मागं सरकायचा, उंच चाकांना बुरुजाच्या झरोक्यामागं जागाच नसते. टनभर वजनाची लांब तोफ मैदानी गाड्यावर चढवली की बघणाऱ्याच्या डोक्यात चुकीचं चित्र कायमचं बसतं. करायचाच तर नीट करा.

ट्रनिअनची खाच व्यासापेक्षा जेमतेम मोठी, आत शिशाचा पत्रा. लोखंडाला ओलं सागवान थेट टेकू देऊ नका. तोंड किंचित खाली झुकलेलं ठेवा, नाहीतर नळीत पावसाचं पाणी साचतं. आपल्याकडं चार महिने साचेल आणि आतून खाईल. कान, म्हणजे बत्तीचं भोक, लाकडी खुंटीनं बंद करा. ऑइलपेंट, चंदेरी रंग, डांबर काही नको.

पण या सगळ्याआधी, जेसीबी लावून तोफ उपटू नका. शंभर वर्षांवरची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येते. ग्रामपंचायतीचा ठराव आणि राज्य पुरातत्त्व खात्याला पत्र, मग पुढचं.

मालवण_जेटी
जमिनीत किंवा समुद्रात नवीन काही सापडलं तर १८७८ चा निखात निधी कायदाही आहे, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

समुद्रातून आलेल्या लोखंडाचं दुखणं वेगळं. खारं पाणी लोखंड खाऊन टाकतं आणि आकार धरून काळं ग्रॅफाइट उरतं. दिसतं तोफेसारखं, नखानं खरवडतं. बाहेर काढून वाळवलं की आठ-पंधरा दिवसांत तडे जाऊन पापुद्रे सुटतात. म्हणून वाळू द्यायचंच नाही. गोड्या पाण्यात धुण्याचा सोडा शेकडा २ ते ५ घालून बुडवून ठेवायचं आणि संवर्धन प्रयोगशाळेला कळवायचं. मीठ बाहेर यायला महिने लागतात, मोठ्या तोफेला वर्षं.

रंकाळाकाठ, पावसाळ्यात तुमच्या गोळ्यावर तांबूस-पिवळे घामासारखे थेंब येतात का? येत असतील तर आत मीठ आहे, म्हणजे तो बहुधा कधीतरी समुद्रात किंवा किनाऱ्यावर पडून होता. घराण्याच्या गोष्टीसाठी ही मोठी खूण आहे.

रंकाळाकाठ
मंडळी, सांगितलं तसं केलं. एकेक लिहितो.

गोळा: पोटाभोवती बारीक रेघ आहे आणि एका जागी चपटा ठिपका, साधारण २ सेंमीचा. लेथच्या वळ्या नाहीत. आणि हो, आईनं लगेच सांगितलं, पावसाळ्यात त्याच्याखालचं फडकं तांबूस थेंबांनी डागतं.

तोफ: ट्रनिअन जमिनीच्या वर वीतभर आहेत. चार मापं ९१, ९३, ९४, ९३ मिमी. कडी आहे, अर्धी तुटलेली. डाव्या ट्रनिअनवर कोळशाच्या कागदावर चार अंकी आकडा उठला, शेवटचे दोन अंक ४ आणि १. उजवीकडं काही उरलं नाही. उठावातली मुद्रा जिथं असावी तिथं शेंदराचा जाड थर आहे, त्याला हात लावला नाही.

कागद: वरच्या दोन ओळी पुन्हा वाचून घेतल्या. 'जंजिरे सिंधुदुर्ग' स्वच्छ आहे. तारीख 'छ ११ साबान'. तीन नावांपैकी दोन फाटलेल्या भागात गेली. उरलेल्या एका नावाचं पहिलं अक्षर आमच्या वंशावळीतल्या नावाशी जुळतं, पुढची शाई उडालीय.

तोफगाडा
९३-९४ म्हणजे ६ पौंडी. गोळा १२ पौंडी. तो गोळा त्या तोफेत जाऊच शकत नाही, ११२ मिमीचा गोळा ९३ च्या नळीत कसा जाईल? पाचगावकरांनी पहिल्या दिवशी सांगितलं तेच झालं. दोन्ही वस्तू खऱ्या, पण एकमेकींच्या नव्हेत. तोफ कुठून आली याचा शोध वेगळा ठेवा, घराण्याच्या फाईलमध्ये मिसळू नका. शेंदराला हात लावला नाहीत हे फार चांगलं केलंत.

मालवण_जेटी
गोळ्याला मीठ आहे, म्हणजे तो बहुधा किनारा बघून आलेला आहे. घाटावर ओतून घाटावरच वापरलेल्या गोळ्याला असा घाम सहसा फुटत नाही. कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, फडक्यात नको.

मोडी_लिपिक
११ साबान म्हणजे २० ऑगस्ट १८१२ च्या आसपास, एखाद दिवस इकडं-तिकडं. तहाच्या सहा आठवडे आधीचा कागद तुमच्या घरात आहे. तेव्हा मालवणात करवीरचीच हुकमत होती आणि हे तीन गोलंदाज सिंधुदुर्गाच्या तटावर होते. 'आरमारातले' हा शब्द घरात थोडा सैल झाला, पण आरमार ज्या तटाच्या आडोशाला नांगर टाकत होतं त्याच तटावरची ही माणसं.

आता शोध अगदी अरुंद झालाय. कोल्हापूरच्या पुरालेखागारात जंजिरे सिंधुदुर्गाचे हजेरीपट आणि तैनातीचे कागद मागा, सन इसन्ने अशर आणि सलास अशर, म्हणजे १२१२ आणि १२१३. तिथं तिन्ही नावं पूर्ण मिळण्याची शक्यता आहे. मग अर्बा अशर आणि खम्स अशर, १२१४ आणि १२१५, या दोन वर्षांत पन्हाळा, भुदरगड, सामानगडाच्या शिबंदीत तीच नावं येतात का बघा. आली तर तटावरून उतरून घाट चढून आलेली माणसं तुम्हाला नावासकट सापडली. काही कागदांवर राज्याभिषेक शक असेल. १८१२-१३ ला तो १३९ येतो, साधा शक १७३४.

करवीर_दप्तर
मागणीपत्रात 'गोलंदाज' एवढंच लिहू नका, रुमालांच्या, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांच्या, यादीवर हुद्दे नसतात. किल्ल्याचं नाव आणि सन लिहा. तुमच्या कागदाचा दोन्ही बाजूंचा फोटो घेऊन जा. कागदाची जात, ओळींमधलं अंतर आणि अक्षराचं वळण मूळ रुमालातल्या पानाशी जुळलं तर तो लिहिणारा कारकूनही कळतो. पेन नको, पेन्सिल न्या.

रंकाळाकाठ
सोमवारी जातोय. चारही वर्षांची नावं कागदावर लिहून घेतलीत. हेळव्यांचा माग भावकीतून लागलाय, सुगीला येतात म्हणे.

पाचगावकर
नावं सापडली की याच धाग्यावर टाका. बाकीच्या दोघांची घरंही इथंच कुठंतरी असतील.